जुन्या एक्सपीला वजनकाटा जोडताना: यूएसबी-सिरियलची सगळी कृती

गोव्यातल्या डिचोली, साखळी, वाळपई या पट्ट्यात काजूच्या बिया विकत घेणारी जी जुनी दुकाने आहेत, त्यांतल्या कित्येकांच्या काउंटरखाली अजून विंडोज एक्सपीचा संगणक चालतो. हौस म्हणून कोणी तो ठेवलेला नाही. पावतीचा प्रोग्रॅम कोणे एके काळी कोणीतरी करून दिला, करणारा आता फोन उचलत नाही, प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चढत नाही आणि हिशेब मात्र पैशापैशाला बरोबर येतो. मग शेट म्हणतात, चाललंय ते चालू दे. कुंडई, वेर्णेच्या वसाहतींतल्या छोट्या वर्कशॉपांतही हीच गोष्ट, फक्त तिथे वजनकाट्याच्या जागी एखादे मशीन असते.

अडचण येते ती काटा आणि संगणक यांच्या मधल्या नऊ पिनांच्या सिरियल केबलीपाशी. मदरबोर्डवरचा सिरियल पोर्ट विजेच्या एका गडगडाटात जातो, किंवा मदरबोर्डच बदलावा लागतो आणि नव्या बोर्डवर तो पोर्टच नसतो. मग म्हापशाहून किंवा पणजीहून यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर, म्हणजे यूएसबीवर सिरियल पोर्ट करून देणारी केबल, आणला जातो. डब्यावर ‘प्लग अँड प्ले’ लिहिलेले असते. प्लग होते, प्ले होत नाही.

एक्सपीवर ही जोडणी व्हायला काहीच हरकत नाही, पण क्रम पाळावा लागतो: आधी कन्व्हर्टरमधली चिप ओळखायची, मग त्या चिपचा ड्रायव्हर (विंडोजला ती चालवता यावी म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम) चढवायचा, मग केबल लावायची, आणि लावली की तिची जागा बदलायची नाही. बहुतेक जण हे नेमके उलटे करतात. खालची कृती वजनकाटा धरून लिहिली आहे, पण बारकोड स्कॅनर, जुने मशीन, काहीही सिरियलवरचे असले तरी ती लागू पडते.

हात लावण्याआधी

हार्ड डिस्कची संपूर्ण प्रत काढा. नुसता प्रोग्रॅमचा फोल्डर नव्हे, अख्ख्या डिस्कची इमेज. इतकी वर्षे चाललेली डिस्क कधी बसेल सांगता येत नाही, आणि अशा प्रोग्रॅमची मूळ सीडी सहसा कोणाकडेच नसते. पुढचे सगळे बिघडले तरी चालेल, ही प्रत हवी.

मग ‘माय कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि सर्व्हिस पॅक, म्हणजे एक्सपीच्या सुधारणांचा गठ्ठा, कितवा आहे ते बघा. तिसरा हवा. पहिल्या सर्व्हिस पॅकवर अडकलेली यंत्रे अजून भेटतात आणि त्यांवर यूएसबीच्या अर्ध्या तक्रारी त्याच कारणाने असतात. ‘ॲक्सेसरीज’मधल्या ‘सिस्टिम टूल्स’मध्ये जाऊन एक रिस्टोअर पॉइंटही, म्हणजे बिघडले तर मागे परतण्याची खूण, करून ठेवा.

‘कंट्रोल पॅनेल’मधल्या ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स’मध्ये ‘सर्व्हिसेस’ उघडून दोन नावे शोधा: ‘प्लग अँड प्ले’ आणि ‘क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस’. दोन्हीपुढे ‘स्टार्टेड’ आणि ‘ऑटोमॅटिक’ हवे. संगणक जलद व्हावा म्हणून कोणीतरी कधीतरी सर्व्हिसेस बंद करत सुटलेला असतो. दुसरी बंद असली की ड्रायव्हरची सही तपासता येत नाही आणि इन्स्टॉल भलत्याच कारणाने अडकल्यासारखे दिसते.

इंटरनेटची केबल काढून ठेवा. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, त्यानंतर सापडलेली बहुतेक भोके उघडीच आहेत. शिवाय आजच्या बहुतेक साइट त्या जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडतही नाहीत. ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर उतरवायचा आणि पेनड्राइव्हने आणायचा. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करा. नव्या मोठ्या पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतात आणि त्यासाठीचा वेगळा अपडेट नसेल तर एक्सपी त्यांना वाचतच नाही, फॉरमॅट करू का म्हणून विचारतो. घाईत ‘येस’ दाबू नका.

कन्व्हर्टर कोणता घ्यावा

बाजारात दिसणाऱ्या कन्व्हर्टरांच्या पोटात साधारण चार घरांच्या चिपा असतात: एफटीडीआयची एफटी२३२, प्रोलिफिकची पीएल२३०३, डब्ल्यूसीएचची सीएच३४० आणि सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०२. पैसे थोडे जास्त गेले तरी एफटीडीआयची घ्या, असे मी सांगतो. कारण वेगाचे नाही. या चिपेला बहुधा स्वतःचा सिरियल क्रमांक असतो आणि त्यामुळे काय सुख मिळते ते पुढे कॉम क्रमांकाच्या, म्हणजे विंडोज प्रत्येक सिरियल पोर्टाला देते त्या क्रमांकाच्या, भागात कळेल.

पीएल२३०३च्या नकला भरपूर आहेत. कंपनीचे नंतरचे ड्रायव्हर नकली आणि बंद केलेल्या जुन्या चिपा ओळखून त्यांना चालूच होऊ देत नाहीत, ‘कोड १०’ दाखवून थांबतात. त्यामुळे या चिपेसाठी ‘लेटेस्ट’ ड्रायव्हरच्या मागे लागणे एक्सपीवर तरी उपयोगाचे नाही, त्या काळातला जुनाच बरा. एफटीडीआयच्याही नकला निघाल्या. २०१४ साली कंपनीच्या एका ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख-क्रमांकच शून्य करून टाकला होता आणि जगभर त्यावरून बोंब झाली. म्हणून हे कन्व्हर्टर रस्त्यावरच्या ढिगातून उचलू नयेत.

आणखी एक सावधगिरी. चार-पाच सुट्या रंगीत वायरी बाहेर आलेले स्वस्त कन्व्हर्टर मिळतात. ते टीटीएल पातळीचे असतात, म्हणजे ५ किंवा ३.३ व्होल्टचे. काट्याच्या नऊ पिनांच्या पोर्टवर आरएस-२३२ (सिरियल जोडणीची जुनी ठरलेली पद्धत) असते आणि तिथे उणे-अधिक १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. ते एकमेकांना जोडले की कन्व्हर्टर मेला. नऊ पिनांचा रीतसर कनेक्टर असलेलाच घ्या.

लांबीचा हिशेब दुकानाच्या मांडणीप्रमाणे करा. यूएसबी केबल ५ मीटरच्या पुढे नेऊ नये, आरएस-२३२ मात्र १५ मीटरपर्यंत आरामात जाते. काटा बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये आणि संगणक आत काउंटरवर असेल तर लांब केबल सिरियलची ठेवा आणि कन्व्हर्टर संगणकाला लागून.

चिपेची ओळख

डब्यावरच्या नावावर विश्वास ठेवायचा नाही. एकाच डब्यात या महिन्यात एक चिप आणि पुढच्या महिन्यात दुसरी येते. यूएसबीवरचे प्रत्येक उपकरण जोडल्याबरोबर स्वतःचे दोन क्रमांक सांगते, बनवणाऱ्याचा व्हीआयडी आणि मालाचा पीआयडी. एक्सपी ते क्रमांक आपल्याकडच्या आयएनएफ फायलींत, म्हणजे ड्रायव्हरांची माहिती असलेल्या फायलींत, शोधतो. सापडले तर गुपचूप ड्रायव्हर चढतो, न सापडले तर ‘फाउंड न्यू हार्डवेअर’ची खिडकी उघडते. प्लग अँड प्ले म्हणतात ते एवढेच. एक्सपीच्या सीडीत या चिपांचे ड्रायव्हर मिळतील अशी आशा ठेवू नका.

ओळखीपुरता कन्व्हर्टर लावा. खिडकी आली की ‘कॅन्सल’. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा: ‘माय कॉम्प्युटर’, ‘प्रॉपर्टीज’, ‘हार्डवेअर’ टॅब. ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळ्या खुणेसह नवे नाव दिसेल. त्यावर डबल क्लिक करून ‘डीटेल्स’ टॅबमध्ये जा. तिथे जी लांबलचक ओळ असते तिच्यात व्हीआयडी आणि पीआयडी या अक्षरांपुढे चार-चार अंक किंवा अक्षरे असतात. ०६७बी आणि २३०३ म्हणजे प्रोलिफिक. १ए८६ आणि ७५२३ म्हणजे सीएच३४०. ०४०३ आणि ६००१ म्हणजे एफटीडीआय. १०सी४ आणि ईए६० म्हणजे सिलिकॉन लॅब्ज. काही वेगळेच निघाले तर ते दोन आकडे फोनवर शोधा, नाव लगेच मिळते. व्हीआयडी-पीआयडी कागदावर लिहून घ्या, डिव्हाइस मॅनेजरमधली ती नोंद काढा आणि कन्व्हर्टर काढून ठेवा.

‘डीटेल्स’ टॅबच दिसत नसेल तर निरसॉफ्टचे ‘यूएसबीडीव्ह्यू’ हे छोटे साधन पेनड्राइव्हवर आणा. बत्तीस बिटांचे घ्या. इन्स्टॉल करावे लागत नाही, नुसते उघडायचे. या संगणकाला आजवर लागलेले प्रत्येक यूएसबी उपकरण, त्याचे दोन्ही क्रमांक आणि ते आत्ता जोडलेले आहे की नाही, हे सगळे एका तक्त्यात दिसते. अशा कामाला मी हे साधन सगळ्यात आधी उघडतो.

तिसरा मार्ग ‘विंडोज’ फोल्डरमधल्या ‘सेटअपएपीआय डॉट लॉग’ या फायलीचा. नोटपॅडमध्ये उघडून सगळ्यात खाली जा. ‘सर्चिंग फॉर हार्डवेअर आयडी’ अशी ओळ असते आणि तिच्यापुढे एक्सपीने नेमके काय शोधले ते लिहिलेले असते. ड्रायव्हर का चढला नाही याचे खरे उत्तर याच फायलीत मिळते. स्क्रीनवर आलेला संदेश बहुतेक वेळा बिनकामाचा असतो.

ड्रायव्हर चढवणे

सीएच३४० आणि पीएल२३०३चे ड्रायव्हर एका सेटअप फायलीच्या रूपात येतात. कन्व्हर्टर बाहेर असतानाच ती चालवा, संपू द्या, संगणक रिस्टार्ट करा आणि मग कन्व्हर्टर लावा. हा क्रम उलटला तर एक्सपी त्या उपकरणाला ‘अनोळखी’ म्हणून नोंदवून बसतो आणि मग डिव्हाइस मॅनेजरमधून ती नोंद काढून पुन्हा सुरुवात करावी लागते.

सेटअप फाइल उघडताच ‘नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन’ असे आले तर घाबरून फाइल पुन्हा पुन्हा उतरवू नका. ती खराब झालेली नसते, ती नव्या विंडोजसाठी किंवा ६४ बिटांसाठी बनलेली असते. चिपेच्या कंपनीच्या साइटवर एक्सपीचे नाव स्पष्ट लिहिलेला जुना ड्रायव्हर शोधा. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यांतून ड्रायव्हर कमी आणि कचरा जास्त येतो.

एफटीडीआयचा ड्रायव्हर झिप फोल्डरच्या रूपात असेल तर तो सीवर कायमच्या जागी उलगडा, डेस्कटॉपवर नको. कन्व्हर्टर लावा. खिडकी विचारते, विंडोज अपडेटला जोडू का? ‘नो, नॉट धिस टाइम’. पुढे ‘इन्स्टॉल फ्रॉम अ लिस्ट ऑर स्पेसिफिक लोकेशन’, मग ‘इन्क्लूड धिस लोकेशन’वर टिक करून ‘ब्राउज’ने तो फोल्डर दाखवा. मध्येच ‘विंडोज लोगो टेस्टिंग’ पास नाही असा पिवळा इशारा आला तर ‘कंटिन्यू एनीवे’. फाइल कंपनीच्या साइटवरची असेल तर त्यात काळजीचे काही नाही.

इथे पुष्कळ जण फसतात. एफटीडीआयची खिडकी दोनदा येते. पहिल्यांदा ‘यूएसबी सिरियल कन्व्हर्टर’साठी, मग परत तशीच ‘यूएसबी सिरियल पोर्ट’साठी. दुसरी खिडकी पाहून आत्ताच तर केले म्हणून लोक ती बंद करतात, आणि मग चिप दिसते पण कॉम पोर्ट दिसत नाही. दोन्ही वेळा तोच फोल्डर दाखवायचा.

शेवटी ‘पोर्ट्स (कॉम अँड एलपीटी)’ या गटात नवे नाव आणि कंसात कॉम क्रमांक दिसला म्हणजे हा टप्पा झाला. पिवळी खूण राहिली असेल तर तिच्या आतला कोड बघा: २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण उठत नाही, ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल हरवली किंवा बिघडली, ४३ म्हणजे उपकरणानेच हात वर केले. शेवटच्या कोडवर आधी दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावून बघा, तोही पाठच्या बाजूच्या. पुढच्या पोर्टांच्या आतल्या वायरी आपल्याकडच्या दमट हवेत लवकर सडतात.

कॉम क्रमांक आणि भुते

प्रोग्रॅमला कॉम१ किंवा कॉम२ हवा असतो. जुन्या प्रोग्रॅमांच्या यादीत चारच्या पुढे पर्यायच नसतो. आणि तुमचा कन्व्हर्टर जाऊन बसतो कॉम११ वर. का?

ज्या चिपेला स्वतःचा सिरियल क्रमांक नाही तिची ओळख एक्सपी ‘कोणत्या यूएसबी पोर्टात आहे’ यावरून ठेवतो. आज डाव्या पोर्टात लावली तर एक उपकरण, उद्या झाडू मारताना निघाली आणि उजव्यात लावली तर दुसरे. प्रत्येकाला नवा कॉम क्रमांक, आणि जुना क्रमांक ‘इन यूज’ म्हणून अडकलेला. सीएच३४० आणि पीएल२३०३च्या बाबतीत बहुधा हेच होते. एफटीडीआयला क्रमांक असल्यामुळे ती कुठेही लावली तरी तोच कॉम मिळतो. वर जास्त पैसे द्या म्हटले ते यासाठी.

ही जुनी भुते दिसण्यासाठी ‘माय कॉम्प्युटर’च्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ टॅब, त्यात ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’. खालच्या ‘सिस्टिम व्हेरिएबल्स’मध्ये ‘न्यू’ दाबा. नाव इंग्रजीत, मध्ये कुठेही जागा न सोडता: डेव्हएमजीआर_शो_नॉनप्रेझेंट_डिव्हायसेस. किंमत १. ओके करून डिव्हाइस मॅनेजर बंद करून परत उघडा आणि ‘व्ह्यू’मधून ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडा. आता ‘पोर्ट्स’मध्ये फिकट रंगाची नावे दिसतील. ती भुते. एकेकावर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ करा. हात फक्त ‘पोर्ट्स’ गटापुरता ठेवा. ‘नॉन-प्लग अँड प्ले ड्रायव्हर्स’ गटातले काहीही काढू नका, ते एक्सपीचे स्वतःचे अवयव आहेत.

मदरबोर्डवरचा जळका सिरियल पोर्ट अजून कॉम१ धरून बसला असेल तर रिस्टार्ट करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जा आणि तो बंद करा. त्यानंतर कन्व्हर्टरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट सेटिंग्ज’, ‘ॲडव्हान्स्ड’, आणि ‘कॉम पोर्ट नंबर’मधून हवा तो क्रमांक द्या. ‘इन यूज’ असा इशारा आला आणि तो पोर्ट खरोखर वापरात नाही अशी खात्री असेल तर ‘येस’ म्हणा. कन्व्हर्टर एकदा काढून लावा. मग त्या यूएसबी पोर्टावर आणि कन्व्हर्टरवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावा. काउंटरवरच्या पोराला कॉम क्रमांक समजावून सांगण्यापेक्षा हे सोपे.

त्याच ‘ॲडव्हान्स्ड’ खिडकीत एफटीडीआयवाल्यांना आणखी दोन गोष्टी दिसतील. ‘लेटन्सी टायमर’, म्हणजे आलेला आकडा पुढे पाठवण्याआधी चिप किती थांबते ते, मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो, वजन उशिरा उमटत असेल तर तो कमी करा. दुसरी ‘सिरियल एन्युमरेटर’ची टिक. ती काढा. कारण पुढे येतेच आहे.

काट्याआधी पोर्ट तपासा

काटा जोडण्याची घाई नको. कन्व्हर्टरच्या नऊ पिनांपैकी २ आणि ३ एका बारीक वायरीच्या तुकड्याने जोडा. २ वर येते, ३ वरून जाते, ५ वर ग्राउंड. मग ‘ॲक्सेसरीज’मधल्या ‘कम्युनिकेशन्स’मध्ये ‘हायपरटर्मिनल’ उघडा. व्हिस्टापासून पुढे ही चीज मिळत नाही, एक्सपीत ती फुकट आहे. पहिल्यांदा उघडताना ते तुमचा देश आणि एरिया कोड विचारते, मॉडेमच्या जमान्यातली सवय. गोव्याचा ०८३२ टाका आणि पुढे चला. जोडणीला काहीही नाव द्या, कॉम क्रमांक निवडा, वेग ९६००, डेटा ८, पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) ‘नन’, स्टॉप १, आणि ‘फ्लो कंट्रोल’ नक्की ‘नन’. आता टाइप करा. तुमचीच अक्षरे पडद्यावर उमटली तर चिप, ड्रायव्हर, पोर्ट सगळे ठीक. वायर काढली की अक्षरे थांबली पाहिजेत. अजूनही उमटत असतील तर ‘लोकल एको’ चालू आहे, ते बंद करून परत तपासा.

आता काट्याची केबल. काट्याच्या डिस्प्लेच्या पुस्तिकेत वेग दिलेला असतो, बहुधा ९६०० किंवा २४००. पडद्यावर काहीच येत नसेल तर आधी काट्यावरचे ‘प्रिंट’ बटण दाबून बघा, काही काटे ते दाबल्यावरच आकडा पाठवतात. तरीही शांत असेल तर २ आणि ३ उलटसुलट करणारा नल-मोडेम ॲडॉप्टर मध्ये घाला. निम्म्या ‘काटा बोलत नाही’ तक्रारी तिथे संपतात.

नुसता चिन्हांचा चिखल येत असेल तर वेग चुकला आहे. पण एक गमतीचा प्रकार बघण्यासारखा आहे. ०, ३, ५, ६, ९ हे अंक नीट येतात आणि १, २, ४, ७, ८च्या जागी भलतीच चिन्हे येतात. असे दिसले तर वेग बरोबर आहे, पॅरिटी चुकली आहे. काटा ७ बिट आणि ‘ईव्हन’ पॅरिटीने बोलतो आहे आणि तुम्ही ८ बिट, ‘नन’ लावले आहे. ज्या अंकांच्या कोडमध्ये १ची संख्या सम असते त्यांचा पॅरिटी बिट शून्यच राहतो आणि ते सुखरूप पोचतात. बाकीच्यांचा आठवा बिट १ होऊन चिन्ह बदलते. हायपरटर्मिनलमध्ये आणि मग प्रोग्रॅममध्येही ७, ‘ईव्हन’, १ करा.

आकडे नीट दिसू लागले की हायपरटर्मिनल बंद करा, नुसते खाली घालवू नका. एक कॉम पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम धरू शकतो. ते उघडे राहिले तर पावतीचा प्रोग्रॅम ‘पोर्ट उघडत नाही’ म्हणणारच.

आणि हो, काट्याचा डब्बा उघडायचा नाही. त्यावर वजनमापाची सील असते, वैध मापनशास्त्र कायदा २००९ प्रमाणे. सील तुटली की काटा परत तपासून घेईपर्यंत त्यावर खरेदी करता येत नाही. आपले काम बाहेरच्या कनेक्टरपर्यंतच.

माऊस पिसाळतो तेव्हा

सगळे नीट लागले, दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक चालू केला आणि बाण पडद्यावर नाचायला लागला. आपोआप मेनू उघडतात, आयकॉन इकडचे तिकडे जातात. दुकानदार शपथेवर सांगतो, व्हायरस आलाय. कोणी कोणी तर अख्खा एक्सपी पुन्हा घालून मोकळे होतात आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

हा व्हायरस नसून प्लग अँड प्लेचा अतिउत्साह आहे. एके काळी माऊस सिरियल पोर्टावर लागत असे, म्हणून एक्सपी प्रत्येक सिरियल पोर्टात डोकावून बघतो, माऊस आहे का. काटा जर सतत वजन पाठवत असेल तर नेमक्या त्या क्षणी आलेले आकडे एक्सपीला माऊसची ओळख वाटतात. तो ‘मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट’ नावाचा माऊस नोंदवतो आणि त्यानंतर प्रत्येक गोणीचे वजन ही माऊसची हालचाल समजतो.

उपाय असा. काट्याचा स्विच बंद करा, बाण लगेच शांत होतो. केबल काढू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस’ उघडा, ‘सिरियल बॉलपॉइंट’वर राइट क्लिक आणि ‘डिसेबल’. ‘अनइन्स्टॉल’ नव्हे. अनइन्स्टॉल केले तर पुढच्या वेळी तो परत सापडतो, डिसेबल केले तर सापडूनही गप्प राहतो. एफटीडीआयवर ‘सिरियल एन्युमरेटर’ची टिक काढली असेल तर हा प्रकार मुळातच होत नाही. आणि काट्यात ‘सतत पाठव’ आणि ‘बटण दाबल्यावर पाठव’ असे दोन पर्याय असतील आणि प्रोग्रॅमला चालत असेल तर दुसरा निवडा.

रोजच्या वापरातली दुखणी

दुपारी जेवून आल्यावर काटा बोलत नाही, अशी तक्रार असेल तर एक्सपीने वीज वाचवायला यूएसबी झोपवली आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली टिक काढा. हब चार-पाच असतात, सगळ्यांची काढा.

तरीही अधूनमधून पोर्ट अडकत असेल तर केबल काढून लावण्याऐवजी मायक्रोसॉफ्टचे ‘डेव्हकॉन’ ठेवा. डिव्हाइस मॅनेजर जे करतो तेच हे आज्ञेने करते. विंडोज ड्रायव्हर किट ७.१ मध्ये ते मिळते, त्यातले ३२ बिटांचे घ्या. नोटपॅडमध्ये एक बॅच फाइल (डबल क्लिक केली की आतल्या आज्ञा चालवणारी) करा, त्यात एकच ओळ, अर्थात इंग्रजी अक्षरांत: डेव्हकॉन रिस्टार्ट "यूएसबी\व्हीआयडी_१ए८६&पीआयडी_७५२३*". आकडे आपापल्या चिपेचे टाका. अवतरणचिन्हे विसरू नका, नाहीतर मधल्या & चिन्हापाशी आज्ञा तुटते. पावतीचा प्रोग्रॅम बंद करून मगच ही फाइल चालवायची, नाहीतर ते रिस्टार्ट मागते. तिचा शॉर्टकट ‘काटा चालू कर’ नावाने डेस्कटॉपवर ठेवला की तुम्हाला फोन येणे कमी होते.

पावसाळ्यात नऊ पिनांच्या कनेक्टरवर हिरवट थर चढतो. समुद्रालगत तर बाराही महिने. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन पुसा, कनेक्टरचे दोन्ही स्क्रू आवळा. स्क्रू न आवळता नुसता खोचलेला कनेक्टर हे दुखण्याचे मूळ असते आणि त्यासाठी ड्रायव्हर बदलले जातात.

वीज कडाडायला लागली, म्हणजे एप्रिल-मेच्या संध्याकाळी आणि पाऊस सरताना ऑक्टोबरमध्ये, तर प्लग काढून भागत नाही. शेडपासून काउंटरपर्यंत गेलेल्या तांब्याच्या केबलीतूनही झटका येतो आणि तो आधी कन्व्हर्टर, मग मदरबोर्ड घेऊन जातो. सिरियल केबलही काढा. रोज काढणे जमणारे नसेल तर ऑप्टिकल आयसोलेशन असलेला, म्हणजे आत तांब्याऐवजी प्रकाशाने निरोप देणारा, कन्व्हर्टर घ्या. तो महाग आहे, पण एक्सपीला चालणारा मदरबोर्ड आता शोधूनही मिळत नाही. काटा आणि संगणक एकाच अर्थिंगच्या बोर्डवर असावेत हेही बघा.

जाता जाता प्रिंटर

मदरबोर्ड बदलला की पॅरलल पोर्टही (जुन्या प्रिंटरचा, विंडोजमधले नाव एलपीटी१) गेलेला असतो आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यूएसबी केबलवर येतो. ती केबल एलपीटी१ तयार करत नाही, ‘यूएसबी००१’ असा वेगळाच पोर्ट देते, आणि डॉसमधला जुना प्रोग्रॅम एलपीटी१ सोडून काही ओळखत नाही. प्रिंटर ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ म्हणून चढवा, त्याला ‘डॉट’ अशा छोट्या नावाने शेअर करा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये, इंग्रजी अक्षरांतच, हे द्या: नेट यूज एलपीटी१ \\काउंटर\डॉट /पर्सिस्टंट:येस. ‘काउंटर’च्या जागी तुमच्या संगणकाचे नाव. नेटवर्कची केबल काढलेली असेल आणि ही आज्ञा चालत नसेल, तर ‘ॲड हार्डवेअर’मधून ‘मायक्रोसॉफ्ट लूपबॅक ॲडॉप्टर’ घाला, मग एक्सपीला नेटवर्क आहे असे वाटते. बोर्डवर एलपीटी पोर्ट असून तो बंद पडला असेल तर तो बायोसमध्ये आधी बंद करा. चाचणीसाठी प्रोग्रॅममधून एक कोरी पावती काढा. शेवटची ओळ प्रिंटरमध्येच अडकून राहत असेल तर प्रोग्रॅम पानाच्या शेवटी फॉर्म फीड, म्हणजे कागद पुढे ढकलण्याची आज्ञा, पाठवत नाही, ते प्रोग्रॅमच्या प्रिंटर सेटिंगमध्ये चालू करावे लागते.